ॲडमिरल उंबरजे यांचे मानपत्र

१७ जानेवारी १९७४, गुरुवार

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेची धूळ अजून नाकातून गेली नाही, तोच सकाळी सात वाजता कल्लप्पा शेठ दारात. यांचं कापडाचं दुकान आहे, पण खरा धंदा सत्कार समित्यांचं अध्यक्षपद. गावात कुणाला साधी बढती मिळाली तरी यांना शाल आणि नारळ दिसू लागतो.

या खेपेला मात्र असामी मोठी आहे. रिअर ॲडमिरल ईश्वरप्पा उंबरजे, गेल्याच महिन्यात आरमारातून निवृत्त. मूळ मैंदर्गीचे, म्हणजे आमच्याच गावचे. दहाव्या वर्षी मामाकडे धारवाडला गेले, त्यामुळे मी त्यांना पाहिल्याचं आठवत नाही. चोवीस फेब्रुवारीला नागरी सत्कार ठरला आहे.

"मास्तर, मानपत्र तुमीच लिहायचं," शेठ म्हणाले. "तुमच्या मानपत्राबिगर सत्कार म्हंजे नवरदेवाबिगर वरात की."

हो म्हटलं. हे माझं अठ्ठेचाळिसावं मानपत्र. आधीच्या सत्तेचाळिसांतली निम्मी तरी अपात्र माणसांना लिहिली, हे फक्त या वहीतच कबूल करता येतं. नगरपालिकेच्या एका इंजिनिअरला 'कर्तव्यदक्ष' म्हटलं, त्या आठवड्यात आमच्या गल्लीतला नळ कोरडा होता.

जेवताना शिवपुत्राला सांगितलं. माझा हा धाकटा भाऊ स्वतः आरमारात होता, जहाजाच्या बॉयलरवर. उंबरजे हे नाव ऐकल्यावर त्याचा घास हातातच राहिला.

"ओळखतोस?" मी विचारलं.

"मोठा मानूस हाय. करा की सत्कार," म्हणाला आणि अर्धी भाकरी टाकून उठला. शिवपुत्र भाकरी टाकणाऱ्यांतला नाही. काहीतरी आहे.

२० जानेवारी, रविवार

दोन दिवस पाळत ठेवून आहे. शिवपुत्र गप्प आहे. तसा तो अठ्ठावीस वर्षं गप्पच आहे. सेहेचाळीस सालच्या फेब्रुवारीत मुंबईला नाविकांचा उठाव झाला आणि एप्रिलमध्ये याला आरमारानं काढून टाकलं. मी स्टेशनवर हार घेऊन गेलो होतो, मागे शाळेची साठ मुलं, 'जय हिंद'च्या घोषणा. पुढे दर पंधरा ऑगस्टला वर्गात मी त्याची हकिगत सांगत आलो. हा मात्र एक शब्द बोलायचा नाही. वीस वर्षं गिरणीच्या बॉयलरवर काढली, आता गल्लीच्या तोंडाशी टपरीत स्टोव्ह दुरुस्त करत बसतो. दीड वर्षापूर्वी स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट मिळाले, तेव्हा मी याचा अर्ज स्वतः भरला. यानं सही केली नाही.

मी याला विनय समजत होतो. आता वाटतं, भीती असेल. पण कुणाची?

२५ जानेवारी, शुक्रवार

दिल्लीहून साहेबांच्या कारकिर्दीचा दोन पानी टाइप केलेला तपशील आला. बेचाळीसला भरती, इंजिन खात्यात. इंग्लंडात शिक्षण. एका क्रूझरवर मुख्य अभियंता. मग गोदी, मग दिल्ली, मग पुन्हा गोदी. एकाहत्तरच्या युद्धात बॉयलर निकामी झालेली दोन जहाजं अकरा दिवसांत पुन्हा समुद्रात सोडली, म्हणून पदक. म्हणजे यांनी शत्रू डोळ्यांनी पाहिलेलाच नाही! सगळी लढाई तेलकट चिंध्या हातात घेऊन. कल्लप्पा शेठना तोफा हव्या आहेत, त्या मी आता कुठून आणू?

शिवपुत्राला परीक्षा म्हणून वाचून दाखवलं. बॉयलरचा परिच्छेद त्यानं दोनदा वाचायला लावला.

"अकरा दिसात? सगळ्या ट्युबा बदलल्या असतील. लई मानसं लागली असतील, अण्णा. बॉयलर गार व्हायलाच दोन दिस जातात." बोलताना त्याचा चेहरा इतका उजळला की मला नवल वाटलं. ट्यूब बदलण्यात आनंदण्यासारखं काय आहे?

खरी गोष्ट पुढे आहे. पहिल्या पानाच्या तळाशी एक ओळ: 'फेब्रुवारी ते एप्रिल १९४६: जहाजावरील शिस्तभंग चौकशी मंडळाचे सचिव.'

ही ओळ मी चार वेळा वाचली. फेब्रुवारी ते एप्रिल. शिवपुत्र घरी आला एप्रिलमध्ये. म्हणजे देशासाठी उठलेल्या पोरांना घरी पाठवायचं काम या गृहस्थांनी केलं, तेही गावचा पोर समोर उभा असताना. आणि त्यांच्या गळ्यात हार घालायला शब्द माझे!

२ फेब्रुवारी, शनिवार

साहेबांना रजिस्टर पत्र टाकलं. अत्यंत गोड भाषेत. 'मानपत्र परिपूर्ण व्हावे यास्तव सन १९४६ मधील आपल्या कामगिरीविषयी दोन ओळी कळवाव्यात.' गळ टाकून ठेवला आहे.

तारखा जुळवत बसलो होतो. उठाव अठरा फेब्रुवारीचा. शिवपुत्राला मी सतरा तारखेच्या रात्री इथूनच मुंबईच्या गाडीत बसवलं, हे पक्कं आठवतं, कारण त्याला बोलावून घेतला होता मीच. मंगळवेढ्याचं एक चांगलं स्थळ आलं होतं, आणि आरमारात मुलगी बघायला रजा कोण देतो? म्हणून तार केली, 'आई सीरियस, ताबडतोब निघ.' तेव्हा सगळेच करत. कुणाचा मुलगा पलटणीत असो की रेल्वेत, लग्नसराई आली की गावोगावच्या आया तारेतून मरायला टेकायच्या. अव्वा तेव्हा ठणठणीत होती, दिवसाला पायलीभर जोंधळे दळायची.

मुलगी सगळ्यांना पसंत पडली होती. पुढे याला काढल्याचं कळलं आणि मंगळवेढेकरांनी नकार कळवला. त्यानंतर यानं लग्नाचं नाव काढू दिलं नाही. तेही पाप उंबरज्यांच्याच खात्यावर.

९ फेब्रुवारी, शनिवार

साहेबांचं उत्तर आलं. सुवाच्य मराठी, एखादं वळण कानडी. लिहितात, 'सन ४६ चा उल्लेख मानपत्रात नसावा अशी विनंती आहे. त्या साली मी सांगण्यासारखे काही केलेले नाही. आपले आडनाव तोळणुरे, तेव्हा आपण शिवपुत्राचे थोरले बंधू असणार. तो कसा आहे? अजून बॉयलरचा आवाज ऐकून दोष सांगतो का? त्याच्यासारखा कान मी पुढे तीस वर्षांत पाहिला नाही.'

किती सफाई! आधी झाकायचं, मग साक्षीदार जिवंत आहे का याची चौकशी, आणि वर स्तुतीचं लोणी. मी काही कालचा पोर नाही.

पत्र शिवपुत्राला दाखवलं नाही. ते मी माझ्या ट्रंकेत कुलपात ठेवलं आहे. पुरावा आहे.

१३ फेब्रुवारी, बुधवार

मानपत्राचे दोन मसुदे केले. एक चौकटीत बसवायचा, 'सागरपुत्र', 'मैंदर्गीभूषण' वगैरे. दुसरा अर्ध्या पानाचा, माझ्या कोटाच्या खिशात राहील. त्यात एकच प्रश्न आहे. पहिला वाचून संपला की सगळ्या सोलापूरसमोर तो विचारणार: साहेब, सेहेचाळीस साली मैंदर्गीच्या एका पोराला आरमारातून कुणी काढलं? आणि कशासाठी? शिवपुत्राचं नाव एकदा धुऊन निघालंच पाहिजे. मला दुसरं काही नको.

शांतम्माला वाचून दाखवला. चाळीस वर्षांच्या संसारात इतकी घाबरलेली मी तिला पाहिली नव्हती.

"भावजींना इचारलं का?"

"त्यात काय विचारायचं? त्याच्या भल्याचंच आहे."

"तुमी नेहमी भल्याचंच करता," ती म्हणाली. "जुनं उकरू नका, पाया पडते. अव्वांनी जाताना मला शपथ घातलीया."

"कसली शपथ?"

ती पाणी आणायला म्हणून गेली ती शेजारणीकडे जाऊन बसली. म्हणजे घरातली बाईसुद्धा काहीतरी लपवते आहे. मला वाटतं, उंबरज्यांनी तेव्हा अव्वालाही धमकावलं असावं.

२० फेब्रुवारी, बुधवार

शिवरात्र. उपासानं पित्त झालं आहे. शिवपुत्रानं पांढरा सदरा स्वतः धुतला, दोनदा इस्त्री केली. सत्काराला येणार, पण मागे बसणार म्हणतो. ज्यानं आयुष्याची माती केली त्याच्यासाठी इस्त्री! मला त्याचा राग येतो आणि दयाही येते. इतका कसा मोडला हा माणूस?

२३ फेब्रुवारी, शनिवार

आजचं सगळं आत्ताच लिहून ठेवतो.

समितीची मंडळी हार घेऊन स्टेशनवर, आणि साहेब मागच्या दारानं रिक्षात बसून थेट आमच्या गल्लीत! मी खिडकीतून पाहिलं. उंच, काळेसावळे, केस पांढरे. टपरीसमोर उतरले आणि म्हणाले, "ह्यांगदी, शिवपुत्रा?" खुशाली विचारावी तशी, घरच्या कानडीत.

शिवपुत्र ताडकन उभा राहिला. टाचा जुळवून, बावन्न वर्षांचा माणूस, हाताला रॉकेल. साहेबांनी त्याला खांद्याला धरून बसवलं आणि स्वतः पालथ्या डब्यावर बसले. मी दाराआड जाऊन उभा राहिलो. अर्धा तास नुसते बॉयलर! शेवटी साहेब म्हणाले, "मुंबईला ये. नवी जहाजं दाखवतो. माझ्याकडं राहा, पाहिजे तेवढे दिवस." शिवपुत्र खाली बघत हसला.

मला राहवलं नाही. पुढे होऊन म्हटलं, "साहेब, जहाजं दाखवायला याला अठ्ठावीस वर्षं उशीर झाला. याला काढलं त्या मंडळाचे सचिव आपणच होतात ना?"

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्याकडे नाही, शिवपुत्राकडे पाहिलं.

"सर, बोलू नका," शिवपुत्र म्हणाला.

"मास्तर," साहेब सावकाश म्हणाले, "मी याला शब्द दिलेला आहे. मला काही बोलता येत नाही."

"मग उद्या व्यासपीठावर बोला. मी तिथंच विचारणार आहे."

"विचारा," म्हणाले आणि उठले. ना खुलासा, ना राग. गुन्हेगार याहून वेगळा कसा दिसतो?

शिवपुत्र रात्री जेवला नाही.

२४ फेब्रुवारी, रविवार, दुपार

सकाळी शिवपुत्र नेहमीसारखा बंब पेटवत होता. मी दात घासत उभा.

"अण्णा, आज खरंच इचारनार हायस?"

"विचारणार. तुला कुणी काढलं, ते जगाला कळू दे."

त्यानं बंबात लाकूड सारलं. "त्यांनी न्हाई काढलं. तुझ्या तारेनं काढलं."

मला आधी कळलंच नाही. तो निखाऱ्याकडे बघत बोलत राहिला. अठ्ठावीस वर्षांचं सगळं त्यानं पाणी तापायच्या आत सांगितलं.

रजा देतानाच जहाजावरून पत्र गेलं होतं, आई खरंच आजारी आहे का बघा म्हणून. अक्कलकोटहून एक पोलीस शिपाई मैंदर्गीला आला. अव्वा अंगणात जोंधळे पाखडत बसली होती. तिनं त्याला ताक पाजलं. पुढे तिला सगळं उमगलं, म्हणूनच मला न सांगण्याची शपथ तिनं शांतम्माला घातली होती.

"अठराला सकाळी गेलो तर जहाजावर चढायच्या आधीच धरलं. उठाव झाला तवा मी कोठडीत हुतो. घोषणा भिंतीपलीकडनं ऐकल्या, येवढंच."

"मग सांगायचं की, मला काही माहीत नव्हतं म्हणून!"

"तारेखाली सही तुझी. तू बोर्डाच्या शाळेत. गोरा कप्तान म्हनला, मास्तर असून खोटी तार करतो, शाळा बोर्डाला कळवा. वैनीला सातवा म्हैना हुता. घरात पगार तुझा एकच. मग मी सांगितलं, मीच करायला लावली, भावाला खरं माहीत न्हाई."

"आणि उंबरजे?"

"त्यांनी वळखलं की. लई समजावलं, रातभर कानडीत. खरं सांग म्हनले, तुला इंग्लंडच्या शिक्षणाला पाठवायचं ठरलंय. मी ऐकलो न्हाई. शेवटी बोर्डाला जायचं पत्र टाइप झालं हुतं, ते त्यांनी सहीला नेलंच न्हाई. दाबलं. घावले असते तर त्यांची नोकरी तवाच संपली असती."

तोंडातली राखुंडी तशीच राहिली होती. "मला का नाही सांगितलंस?"

"गाडीतनं उतरलो तर तू हार घेऊन हुभा. मागं साठ पोरं. सांगायला जागा ठेवलीस का?"

आणि बादली भरून माझ्यासाठी मोरीत नेऊन ठेवली. रोजच्यासारखी.

खिशातला अर्धा कागद मी बंबात घातला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं आहे. ज्या पगारावर मी घर बांधलं, मुलं शिकवली, ताठ मानेनं गावभर मानपत्रं वाचत हिंडलो, तो या पोरानं स्वतःची जहाजं देऊन राखला. मी त्याच्यावर भाषणं करत राहिलो.

संध्याकाळी काय करायचं ते ठरवलं आहे. आयुष्यात एकदा तरी खरं बोलेन.

२५ फेब्रुवारी, सोमवार

बोललो. चौकटीतलं मानपत्र वाचून झालं, साहेबांनी ते हातात घेतलं, कल्लप्पा शेठ नारळ पुढे करू लागले, तोच मी पुन्हा माइकसमोर गेलो. तार, शिपाई, अव्वाचं ताक, शिवपुत्राची कोठडी, बोर्डाचं दाबलेलं पत्र, सगळं सांगितलं. माझा भाऊ उठावात नव्हता, हेही सांगितलं. दर पंधरा ऑगस्टला मी तुमच्या मुलांना खोटं सांगत आलो, असं म्हणताना रडू आवरेना.

मला वाटलं, लोक थुंकतील. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसत होत्या. शेठ कानात म्हणाले, "मास्तर, असलं मानपत्र जल्मात ऐकलं न्हाई." साहेब चौकट धरून तसेच उभे होते. ते माझ्याकडे बघत नव्हते, शेवटच्या रांगेकडे बघत होते. तिथली खुर्ची रिकामी होती. शिवपुत्र केव्हा उठून गेला कळलं नाही.

आज स्थानिक पेपरात चौकट आली आहे: 'ॲडमिरलनी कागद दाबला, निवृत्त शिक्षकाची कबुली.' सकाळपासून टपरीपुढे माणसं. कुणी म्हणतो, म्हणजे शिवपुत्रभाऊ, तुम्ही उठावात नव्हताच की! कुणी म्हणतो, मग ते साठ पोरांचं जय हिंद कशाला? दहा वाजता त्यानं टपरीला कुलूप लावलं. हे मी बघितलं नव्हतं आजवर.

घरात आल्यावर मी म्हटलं, "शिवपुत्रा, एकदाचं ओझं उतरलं बघ."

"कुनाचं?"

मी कोट खुंटीला अडकवला.

"साहेब काल रातीच गेले. तीस वर्षांची नोकरी, आन् पेपरात नाव आलं ते कागद दाबला म्हनून." तो चिडला नव्हता, ते जास्त वाईट. "अण्णा, ते माझं हुतं. मी सांभाळलं हुतं. तुला बंबापाशी सांगितलं, ते तू साहेबांना इचारू नयेस म्हनून. गावाला वाटायला न्हाई."

"मी खरं बोललो, शिवपुत्रा. स्वतःची अब्रू घालवून बोललो."

"व्हय. पर मला इचारलं न्हाईस. तवा बी न्हाई, आता बी न्हाई."

  मी त्याच्या पाया पडायला वाकलो, तर त्यानं मला मध्येच धरलं. थोरल्यानं धाकट्याच्या पाया पडायचं नसतं, म्हणाला. तेवढंही करू दिलं नाही.

२७ फेब्रुवारी, बुधवार

शिवपुत्र काल पहाटेच्या गाडीनं मुंबईला गेला. मी झोपलेला असताना. बंब पेटवून, माझं पाणी काढून गेला. शांतम्मानं कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी बांधून दिली. म्हणजे हिला आदल्या दिवशीच माहीत होतं.

"मला का उठवलं नाहीस?"

"भावजी म्हनले, अण्णाला मी गेल्यावर सांगा. तुमी स्टेशनावर गेला असता. कुनाला तरी काहीतरी सांगितलं असतं."

हे खोटं म्हणता येत नाही. दिवसभर घरात फिरलो. टपरीची किल्ली खुंटीला आहे. इस्त्रीचा सदरा नेला आहे, जुने दोन इथेच आहेत. दोन ठेवले म्हणजे परत येणार, असं मी धरून चाललो आहे. पण त्याचे नेहमीचे जोडे आणि ट्रंक दोन्ही नाहीत.

साहेबांना पत्र लिहायला बसलो. क्षमा मागायची होती. मायना घातला आणि हात थांबला. त्यांना पत्र लिहू का, हे तरी कुणाला विचारावं? शेवटी कागद बाजूला ठेवला.

रात्री जेवताना शांतम्माला विचारलं, "परत कधी येतो म्हणाला?"

"आठ दिसांत."

"असं तो स्वतःच्या तोंडानं म्हणाला?"

"व्हय," ती म्हणाली आणि ताटात भाकरी वाढायला वाकली. मला तिचा चेहरा दिसला नाही.

महिनाभर मी चुकीच्या माणसावर संशय घेतला. पण या घरातली माणसं मला सांभाळून घ्यायला खोटं बोलतात, आणि फार चांगलं बोलतात, हे मला आता कळलं आहे. तेव्हा तिचं ते 'व्हय' खरं होतं की नाही, हे मला आठ दिवसांनीच समजेल.